आडात आहे, पोहऱ्यात नाही

सोनटक्केबाईंनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, आणि आप्पांच्या गळपट्टीवरच्या स्पीकरने तेच उत्तर तिसऱ्यांदा दिलं.

"मला आचार्यांकडे ठेवा."

आवाज अगदी आप्पांचा होता. जुन्या लग्नांच्या व्हिडिओंत मागून ऐकू येणारी त्यांची आरडाओरड गोळा करून यंत्राने तो बनवला होता, त्यामुळे साधं पाणी मागतानासुद्धा ते 'वाढायला घ्या रे' म्हणतायत असं वाटे. वैजयंता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातातली मऊ भाताची वाटी तिने तशीच ओट्यावर ठेवली.

मिरजेत नुसतं 'आचार्य' म्हटलं तरी पुरे. बेडग रस्त्याला त्यांचं शांतिवन आहे. तिथे दीडशे म्हातारी माणसं राहतात, पहाटे पाचला प्रार्थना, जेवणात कांदा-लसूण नाही, आणि घरच्यांना भेट महिन्यातून एकदा. आप्पा, म्हणजे केरबा माने, पन्नास वर्षं लग्नकार्यांत आचारी म्हणून राबलेले. त्यांनी एकदा त्या शांतिवनात वर्धापनदिनाचा स्वयंपाक केला होता आणि घरी येऊन आठवडाभर तिथल्या फिक्या आमटीची चेष्टा केली होती. त्या माणसाला आता तिथेच राहायचं होतं. पोटच्या पोरीकडे नाही.

सोनटक्केबाई राज्य वाचा-नोंद मंडळाच्या जिल्हा अधिकारी होत्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी नियम समजावून सांगितला: यंत्राने बोलणाऱ्या रुग्णाला कुठे राहायचं हे नव्वद दिवसांच्या आत विचारायचं, तीनदा एकच उत्तर आलं की ते पक्कं, आणि पंधरा दिवसांनी त्याला तिथे नेऊन पोचवायचं. घरच्यांना हरकत घ्यायची असेल तर तेवढ्यात घ्यावी. मग त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि निघाल्या.

आप्पा डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवत होते. उजवी बाजू दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यात गेली होती, पण डाव्या हातात अजून कढई उचलायचं बळ होतं. चेहरा लालबुंद झाला होता. वैजयंताला वाटलं, एवढं केलं तरी राग माझ्यावरच. तिने दोन वर्षं त्यांचं सगळं काढलं होतं, स्वतःची कंबर मोडून घेतली होती, आणि बक्षीस हे. ती आत गेली आणि भांडी नको तेवढ्या जोरात घासत बसली.

वाचाजाळी बसवायचा हट्ट तिचाच होता. झटका आला की पुष्कळदा शब्द डोक्यात शाबूत असतात, ओठांपर्यंतची वाट तेवढी तुटते. म्हणून कवटीच्या आत, जीभ आणि ओठ हलवणाऱ्या भागावर, पोस्टाच्या तिकिटाएवढी एक जाळी ठेवतात. माणूस मनात 'पाणी' म्हणायला गेला की मेंदू जिभेला जे हुकूम सोडतो ते जाळी टिपते, त्यावरून शब्द ओळखते आणि अक्षरांत लिहिते. ती अक्षरं स्पीकर वाचून दाखवतो. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस बोलला.

सुरुवातीच्या काळात एका जाळीने एका आजारी माणसाच्या तोंडी भलतंच वाक्य घातलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि तेव्हापासून कायदा झाला: जाळीने लिहिलेलं प्रत्येक वाक्य आधी मंडळाच्या दप्तरी नोंदवायचं, मगच ते स्पीकरवर यायचं. डोकं आणि स्पीकर यांच्या मधल्या वाटेवर रुग्णाच्या शब्दाला कुणी हात लावायचा नाही. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. दप्तरासाठी मंडळाने नवीन काही बांधलं नाही. एका बंद पडलेल्या नोंदणी कंपनीचं जुनं मेनफ्रेम आणि त्यावरचे कोबोलमधले प्रोग्राम जसेच्या तसे उचलले. चाळीस वर्षं न अडखळता चाललेली वस्तू कोण बदलतो?

नाही म्हणायला, जाळी बसवल्यापासून आप्पांच्या बोलण्यात एक परकेपणा आला होता. "दुसर्या खोलीत ने," ते म्हणत, आणि 'सर्' वर असा जोर पडे की जावई दिनकर हसू लपवत असे. आप्पा रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखे बोलतात, असं तो म्हणायचा. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, झटक्यानंतर माणसाचा हेल बदलतो, जगभर अशी उदाहरणं आहेत. झालं. दोष आप्पांच्या डोक्यावर टाकून सगळे मोकळे झाले, आणि वैजयंताही.

गुरुवारी यल्लाप्पा आला. आप्पांच्या हाताखाली तो तीस वर्षं होता, आता मालगाव रस्त्यावरच्या मंगल कार्यालयाचा भटारखाना तोच चालवतो. तो आप्पांना वस्ताद म्हणतो आणि वैजयंताला अक्का. दर गुरुवारी तो एक डबा आणायचा आणि दर गुरुवारी वैजयंता तो परत पाठवायची, कारण डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. त्या दिवशी तिने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शांतिवनाची गोष्ट त्याला सांगितली आणि वर म्हणाली की तुमच्या वस्तादांना म्हातारपणी वैराग्य आलंय.

यल्लाप्पा बराच वेळ आप्पांकडे बघत बसला.

"अक्का, वस्तादांनी जन्मात आचार्य म्हटलं न्हाई त्याला. सोवळ्या म्हनायचे. त्यांस्नी आचारी म्हनायचं असंल. आम्हा आचाऱ्यांकडं."

आप्पांची डावी मूठ दांड्यावर धाडकन आपटली.

वैजयंता उखडली. तिने यल्लाप्पाला सुनावलं की यंत्राला मराठी कळतं, हजारो माणसं त्यावर बोलतात, आणि आपल्याला हवं ते ऐकायची सवय बरी नव्हे. तो डबा घेऊन गेला. मात्र ती मूठ तिच्या डोक्यातून जाईना.

दुपारी आप्पांचा डोळा लागल्यावर तिने टॅबलेट उघडला. सांभाळणाऱ्या माणसाला दोन्ही नोंदी बघायची मुभा असते: जाळीने काय लिहिलं ती, आणि मंडळात काय नोंदलं गेलं ती. बघतं कोण? माणूस बोलतोय म्हटल्यावर माणसं ऐकतात. तिने दोन्ही ओळी एकाखाली एक लावल्या.

वर होतं: मला आचाऱ्यांकडे ठेवा. खाली होतं: मला आचार्यांकडे ठेवा.

तिने तो शब्द सुटा करून त्यातली चिन्हं मोजली. वर बारा होती, खाली अकरा. मधलं एक गळलं होतं. पुन्हा मोजली, तरी बारा आणि अकराच. तिसऱ्यांदा तिने मोजली नाहीत, कारण ते कुठे गळलं, कोणत्या ओळीवर गळलं आणि ती ओळ कुणी लिहिली हे सगळं तिला त्याच क्षणी कळलं. ती ओळ तिची स्वतःची होती.

चौतीस वर्षांपूर्वी वैजयंता पुण्यात त्याच नोंदणी कंपनीत कोबोल लिहीत होती. ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि आपल्यासारखं कुणी नाही असं तिला वाटत होतं. त्या कोबोलमध्ये बाहेरून आलेला मजकूर आत घेण्याआधी तपासावा लागे: कोणती अक्षरं चालतील, कोणती नाहीत. नवशिके 'ए पासून झेडपर्यंत' असं लिहून मोकळे होत. पण त्या जुन्या यंत्रात इंग्रजी अक्षरं सलग रांगेत बसलेली नसतात. आय आणि जे यांच्या मध्ये, आर आणि एस यांच्या मध्ये मोकळ्या जागा आहेत आणि तिथे भलतीच चिन्हं येऊन बसतात. 'ए पासून झेडपर्यंत' म्हटलं की तीही लग्नाच्या वऱ्हाडातल्या आगंतुकांसारखी आत घुसतात. वैजयंताला हे माहीत होतं. म्हणून देवनागरीची पाळी आली तेव्हा तिने 'पासून-पर्यंत' न लिहिता एकेक अक्षर हाताने यादीत घातलं. ळ घातला, ॲ घातला. तुटक पायाचा, खाली टिंब असलेला ऱ घातला, आणि त्याचा तिला फार अभिमान होता.

पण त्याच सुमारास नव्या कॉम्प्युटरांवरून एक अदृश्य चिन्ह येऊ लागलं होतं. ते छापलं जात नाही आणि पडद्यावरही दिसत नाही. दोन अक्षरं कशी जोडायची एवढं ते सांगतं. त्याच्यामुळे सारखी दिसणारी दोन नावं यंत्राला वेगळी वाटत आणि सगळं काम अडे. वैजयंताला त्यावरून बोलणी बसली होती. म्हणून तिने रागाने एक ओळ लिहिली: यादीत नसलेलं चिन्ह दिसलं की उचलून बाहेर टाका आणि उरलेली अक्षरं डावीकडे सरकवून घ्या. ओरडायचं नाही, नोंद ठेवायची नाही. ऑफिसात त्या प्रोग्रामला वैजयंताची चाळण म्हणत.

सुट्टीत घरी आल्यावर तिने आप्पांना ते कौतुकाने सांगितलं होतं. आप्पा पीठ चाळत होते. त्यांना कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नव्हतं, पण चाळणीचं कळत होतं.

"चाळणीत काय राहिलं ते बघून टाकतीस न्हवं?" त्यांनी विचारलं होतं.

ती हसली होती. न दिसणाऱ्या वस्तूत काय बघायचं?

आता बघायची वेळ आली होती. आचार्यांना वाढा आणि आचाऱ्यांना वाढा यांत केवढा फरक आहे हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पहिल्यात र य च्या डोक्यावर बसतो, दुसऱ्यात तो हळूच बाजूला लवतो. हा लवणारा र यंत्राला दोन रीतींनी सांगता येतो. एक रीत म्हणजे तो तुटक पायाचा ऱ. तो यादीत होता. दुसरी रीत म्हणजे साधा र आणि त्यामागे ते अदृश्य चिन्ह. चौतीस वर्षं ती ओळ कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी पडून होती, कारण नावनोंदणीचे कारकून पहिल्या रीतीने लिहीत. वाचाजाळी दुसऱ्या रीतीने लिहिते. चाळण अदृश्य चिन्ह काढून टाकते, र उडी मारून डोक्यावर बसतो, आणि आचारी आचार्य होतो.

वैजयंताने आप्पांकडे पाहिलं. ते जागे होते. आपण म्हणतोय ते आणि ऐकू येतंय ते वेगळं आहे हे त्या माणसाला तीन महिने कळत होतं, आणि सांगायला त्याच्याकडे तेच एक यंत्र होतं. दुसरा शब्द शोधा म्हणावं, तर झटक्याने त्यांचे अर्धे शब्द नेले होते. माणसांची नावं तर एकूण एक गेली होती. वैजूचीसुद्धा 'पोरी' झाली होती. उरलेल्यांत 'आचारी' होता, कारण तो त्यांनी जन्मभर छातीवर बाळगला होता.

"आप्पा, तुम्हाला यल्लाप्पाकडे जायचंय?"

"हो," स्पीकर म्हणाला. या शब्दात गळण्यासारखं काही नव्हतं.

तिला वाटलं होतं, नाही म्हणतील. चूक सापडल्याचा आनंद तिथल्या तिथे विरला. शांतिवन नको होतं हे खरं, पण तिचं घरही नको होतं.

"का? माझ्याकडे काय कमी आहे?"

आप्पा खूप वेळ झटले. कपाळावरची शीर फुगली. स्पीकर दोनदा खरखरला.

"मीठ," ते म्हणाले.

तिला हसावं की रडावं कळेना. ती चिडली. दोन वर्षांची सेवा, आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात चिमूटभर मीठ. तिने त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी तिने मंडळाच्या तांत्रिक प्रमुखांना, कडेकरांना, फोन लावला. चार वेळा संगीत ऐकल्यावर ते भेटले. होय-नाहीच्या उत्तरावर निवास ठरत नाही, रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगितलं पाहिजे, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. तिने ओळ सांगितली, तिचा क्रमांक सांगितला, ती आपणच लिहिल्याचं सांगितलं. कडेकर अदबीने बोलत होते आणि त्यामुळे ती जास्तच चिडत होती. ते म्हणाले की तो प्रोग्राम कोर्टाच्या हुकमाने गोठवलेला आहे. त्यात एक टिंब बदलायचं तरी नव्याने मान्यता घ्यावी लागते, आणि त्याला चौदा महिने लागतात.

"का गोठवलाय?"

"रुग्णाच्या शब्दाला वाटेत कुणी हात लावू नये म्हणून, मॅडम."

"पण तो प्रोग्रामच हात लावतोय."

"आमच्याकडे तशी नोंद नाही. तीन वर्षांत चुका शून्य."

शून्यच असणार. नोंद ठेवायची नाही असं तिनेच लिहिलं होतं.

"अहो, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे आडात आहे. भरपूर आहे. तुमचा पोहरा गळका आहे, आणि तुम्ही आडावर गुन्हा नोंदवताय."

कडेकरांनी तक्रार लेखी करायला सांगितली, आणि जाता जाता एक सोपा मार्गही दाखवला: यंत्रदोषाची हरकत भरा. हरकत आली की विधान रद्द, आणि विधान रद्द झालं की रुग्ण आपोआप जवळच्या नातेवाइकाकडे राहतो. पुढच्या विचारणीला वर्षभर तरी कुणी येत नाही.

दिनकरने ते ऐकलं आणि टाळीसाठी हात पुढे केला. शांतिवन टळलं, आप्पा घरीच राहिले, कुणाला काही समजवायची गरज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वैजयंताने टाळी दिली नाही, पण हरकतीचा अर्ज उघडला. नाव भरलं, नातं भरलं. आप्पा समोर बसून बघत होते. त्यांना वाचता येत होतं. 'रुग्णाचे खरे म्हणणे काय होते?' या रकान्यापाशी तिचा हात थांबला. त्या रकान्यावर ऐच्छिक असं लिहिलं होतं.

अर्ज तिने तसाच ठेवला आणि आधी तक्रार लिहिली. लिहिताना तिला जरा बरं वाटलं. तक्रारीत तिने एकच मुद्दा मांडला: 'आचाऱ्यांकडे' या शब्दाचे आपल्या यंत्रणेत 'आचार्यांकडे' होते, तरी दखल घ्यावी. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

'आपली तक्रार: "आचार्यांकडे" या शब्दाचे आपल्या यंत्रणेत "आचार्यांकडे" होते. दोन्ही शब्द एकच असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

वैजयंताने ते दोनदा वाचलं. तक्रारसुद्धा चाळणीतून गेली होती! तिच्या फोनचा कळफलकही त्या अदृश्य चिन्हाच्या रीतीने लिहिणारा निघाला. तिने फोन सोफ्यावर फेकला. आपल्याच हाताने लिहिलेल्या ओळीने आपल्याला मूर्ख ठरवावं, याला काय म्हणायचं? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. तिने कडेकरांना, कोर्टाला, कंपनीतल्या जुन्या वरिष्ठांना आणि अठ्ठावीस वर्षांच्या त्या शहाण्या मुलीला एका दमात शिव्या घातल्या. आप्पा कौतुकाने ऐकत होते. भटारखान्यातल्या शिव्या तिच्या इतक्या लक्षात असतील असं त्यांना वाटलं नसावं.

मग तिने कळफलक बदलला, तुटक पायाचा ऱ शोधून काढला आणि तीच तक्रार पुन्हा लिहिली. निव्वळ खुन्नस म्हणून. पाच मिनिटांत पोच आली. पोचपावतीत 'आचाऱ्यांकडे' जसंच्या तसं होतं. अकरा चिन्हं गेली आणि अकराच आली.

ती पोचपावतीकडे बघत राहिली.

जाळीला घरचे शब्द शिकवता येतात. कुणाच्या कुत्र्याचं नाव, कुणाच्या गावाचं. जे जाळीच्या कोशात नसतात असे वीस शब्द घरच्यांनी टाइप करून द्यायचे आणि रुग्णाने 'मान्य' म्हणायचं. हे काम वाटेवरचं नव्हे, जाळीच्या आतलं. कायद्याची त्याला आडकाठी नाही, आणि या यादीतला शब्द जाळी स्वतःच्या कोशाआधी घेते. वैजयंताने सुरुवातीलाच त्यात एकच शब्द घातला होता, 'वैजू', आणि आप्पांनी तो कधी वापरला नव्हता. आता आचाऱ्यांकडे हा शब्द पहिल्या रीतीने, तुटक पायाच्या ऱ ने लिहून तिथे घातला, तर चाळणीला टाकण्यासारखं काही उरणार नव्हतं.

म्हणजे तिच्यासमोर दोन वाटा होत्या. एक सही केली की आप्पा घरी राहणार होते. एक शब्द टाइप केला की ते जाणार होते, आणि ते तिनेच घडवलेलं असणार होतं. तिला कुणीतरी रागावून थांबवावं असं फार वाटलं. दिनकर बाजारात गेला होता.

लहानपणी ती आप्पांबरोबर लग्नांना जायची. पहिली पंगत पाहुण्यांची, दुसरी घरच्यांची आणि आचाऱ्यांची. पहिल्या पंगतीचा वास घेत ती ताटकळत बसे, भुकेने रडे, पण आप्पा तिला कधी पाहुण्यांत बसू देत नसत. मध्येच पळी पुढे करून ते म्हणत, चाख. ती चाखायची आणि मीठ सांगायची. सात वर्षांच्या पोरीने सांगितलं म्हणून चारशे माणसांच्या आमटीत ते खरंच मीठ घालत. झटक्याने त्यांची वाचा नेली होती, जिभेची चव नेली नव्हती. आणि तिने त्या जिभेवर दोन वर्षं मऊ भात ठेवला होता.

तिने हरकतीचा अर्ज पुसून टाकला. शब्द टाइप केला. टॅबलेट आप्पांसमोर धरला.

"मान्य," ते म्हणाले, आणि तिला वाटलं, किती घाई.

पंधराव्या दिवशी सोनटक्केबाई गाडी घेऊनच आल्या. वैजयंताने त्यांना दोन्ही शब्द दाखवले. बाईंनी चष्मा पुसून पाहिलं आणि त्या म्हणाल्या की यादीतला आणि जाळीच्या कोशातला शब्द अगदी सारखेच दिसतात. दिसतात खरे, असं वैजयंता म्हणाली, आणि त्यांना पुन्हा एकदा विचारायची विनंती केली.

"केरबा आप्पा, तुम्हाला कुठे राहायचंय?"

"मला आचाऱ्यांकडे ठेवा."

र हळूच लवला. तीन महिन्यांत पहिल्यांदा ते वाक्य मिरजेचं वाटलं. आप्पांनी स्वतःचा आवाज ऐकला आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

वस्तादांना न्यायला आलेला यल्लाप्पा दाराशी उभा होता, तो खाली बसला.

पण इथेही नियम होताच. जुनी विधानं तीन होती, नवं एक. नवं विधान जुन्यांपेक्षा जास्त वेळा यायला हवं, म्हणजे चारदा, असं बाई ओशाळून म्हणाल्या. वैजयंताने कपाळावर हात मारला. आप्पांना मात्र त्यात काही अडचण दिसली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं, चौथ्यांदा सांगितलं. बाईंनी हात वर करून पुरे म्हटलं तरी ते थांबेनात. अडकलेला नळ मोकळा व्हावा तसे ते बोलत होते. मला आचाऱ्यांकडे ठेवा. मला आचाऱ्यांकडे ठेवा. सात वेळा त्यांनी ते सांगितलं, आणि सातही वेळा वैजयंताने ते ऐकलं. मला तुझ्याकडे राहायचं नाही, हे माणसाने एकदा ऐकणंही पुष्कळ होतं.

निघताना सोनटक्केबाई हळूच म्हणाल्या, "हरकत दिली असतीत तर ते तुमच्याकडेच राहिले असते."

"माहीत आहे," वैजयंता म्हणाली. तिने आप्पांच्या गोळ्यांची पिशवी यल्लाप्पाच्या हातात दिली आणि कोणती कधी द्यायची ते त्याला तीनदा सांगितलं.

पुढचे दहा दिवस ती गेली नाही. राग होता, तो तिने पुरेपूर काढला. कडेकरांना रोज एक पत्र लिहिलं, सगळं तुटक पायाच्या ऱ ने. चौदा महिने तर चौदा महिने. मान्यतेचा अर्ज तिने भरायला लावला आणि मराठी बोलणाऱ्या तीन हजार जाळ्यांच्या घरी कळवायला लावलं. अकराव्या दिवशी यल्लाप्पाने फोन केला की वस्ताद सारखे दाराकडे बघतात. तेव्हा ती मालगाव रस्त्याला गेली.

कार्यालयात लग्न होतं. मागच्या भटारखान्यात आप्पा खुर्चीवर बसले होते, पुढ्यात आमटीचं भलंमोठं पातेलं. यल्लाप्पा पळीचं टोक त्यांच्या ओठांना लावत होता. थेंबभरच, डॉक्टरांना विचारून, असं त्याने तिला बघताच घाईने सांगितलं. आप्पांनी जीभ फिरवली आणि डाव्या हाताची बोटं चिमटीत धरली. यल्लाप्पाने पातेल्यात मीठ घातलं.

वैजयंता दाराशी अवघडून उभी राहिली. ती बोलायला आली होती ते सगळं तिथल्या वाफेत विसरली. बाहेर पहिली पंगत बसत होती, आणि लग्नघरचा एक माणूस तिला पाहुणी समजून अगत्याने तिकडे चला म्हणत होता. ती वळली.

"पोरी," मागून तो खडा आवाज आला. "दुसर्या पंगतीला बस."

यादीत अठरा शब्द घालायचे राहिले होते आणि हा त्यांत नव्हता. 'सर्' वर जोर देऊन यंत्र तो चुकीचाच बोललं. वैजयंताला मात्र तो बरोबर ऐकू आला. ती परत आत आली, पायातल्या चपला काढल्या, आणि पोटात भूक घेऊन पातेल्याशेजारी बसून राहिली.